पोनी पूर्ण लोनवर घ्यावा की वाट्याने?

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांतून हा प्रश्न अलीकडे मला बऱ्याचदा येतो. मूल आठ-नऊ वर्षांचं असतं, शनिवारचे रायडिंगचे धडे दोनेक वर्षं झालेले असतात आणि आता त्याला 'आपला' पोनी हवा असतो. विकत घ्यायचं मनात नसतं, कारण मूल भराभर उंच होतं. मग उरतं लोन, म्हणजे कर्ज नव्हे, तर मालकी न बदलता दुसऱ्याचा पोनी सांभाळायला घेणं. पूर्ण लोनमध्ये पोनी सगळाच तुमच्या ताब्यात येतो. पार्ट लोनमध्ये तो मालकाकडेच राहतो आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस तुमचे असतात. माझ्या लेकीसाठी आम्ही बर्कशरमध्ये आधी वर्षभर पार्ट लोन केलं. गेली दोन वर्षं दुसरा पोनी पूर्ण लोनवर आहे.

खर्चाबद्दल फार लिहीत नाही. पार्ट लोन स्वस्त पडतं हे उघडच आहे. नालबंद, लस, दात, विमा हे सगळं बहुधा मालकच बघतो, तुम्ही आपला वाटा देता. वेळेचंही तेच. ज्या घरी दोघांच्या नोकऱ्या लंडनला आहेत, त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ यार्डवर, म्हणजे घोड्यांच्या तबेल्यावर, जाणं जमणार नाही. त्यांनी पूर्ण लोनच्या वाटेला जाऊ नये असंच मी सांगेन.

आमचा पहिला पोनी वेल्श सेक्शन ए, म्हणजे वेल्श पोनींतल्या सगळ्यात लहान गटातला, बारा हातांच्या जरा आतला, म्हणजे चार फुटांहून किंचित कमी. स्वभावाने सोनं. लेकीला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं ते माथेरानला. तिथली घोडी दिवसभर चढ-उतार करणारी, अंगाने सडसडीत. इथली वेल्श किंवा शेटलंड जात डोंगराळ, उजाड माळावर भागवायला घडलेली. हिरव्यागार कुरणात मोकळी सोडली तर थोड्याच दिवसांत गोल होते, आणि तिथेच लॅमिनायटिसची भीती असते. वसंतातल्या गवतात साखर भरपूर. थंडीत रात्री दहिवर गोठून सकाळी लख्ख ऊन पडलं की आणखी जास्त. या आजारात खुराच्या आत हाडाला धरून ठेवणाऱ्या नाजूक पापुद्र्यांना इजा होते, आणि पोनीला पाऊल टाकणं नको होतं.

यावर उपाय म्हणजे विजेचं कुंपण. पांढऱ्या पट्टीने कुरणाचा एक तुकडा अडवायचा आणि दिवसाला एक पाऊल, फक्त एक, खुंट्या पुढे सरकवायच्या, म्हणजे रोज थोडंच ताजं गवत मिळतं. पाच मिनिटांचं काम. माझा निर्णय मात्र त्याच पाच मिनिटांनी केला.

मंगळवार, गुरुवार, शनिवार आमचे होते, बाकीचे दिवस मालकीणबाईंचे. बाई अतिशय चांगल्या, पोनीवर जीव टाकणाऱ्या. पण त्यांच्याकडून कधी त्या यायच्या, कधी त्यांचा मुलगा, कधी शेजारीण. रोज फोनवर तोच निरोप: "कुंपण सरकवलं का?" कधी उत्तर उशिरा मिळायचं, कधी दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याने सरकवलं असेल. मी खुंटीला लाल फीत बांधायला सुरुवात केली, सरकवलं की फीत पुढच्या खुंटीवर. ती वाऱ्याने गेली. मग पत्र्याच्या डब्यात वही ठेवली. एका शनिवारी दुपारी आम्ही पाऊलभर सरकवून, वहीत लिहून आलो. संध्याकाळी त्यांच्याकडचं कुणीतरी गेलं, कडेचं गवत खुरटलेलं दिसलं, वही न बघता त्यांनीही सरकवलं. रविवारी सकाळी पुन्हा एकदा.

मंगळवारी आम्ही गेलो तर पोनी कुरणाच्या मधोमध पुढचे पाय ताणून, भार मागे टाकून उभा होता. हाक मारली तर कान हलवले, पण जागचा हलला नाही. लेकीने गुडघे टेकून खुराला हात लावला. "बाबा, गरम आहे." पशुवैद्य आल्या, वेदनाशामक दिलं, पुढचे कित्येक आठवडे खोलीत जाड भुशावर उभं राहणं आणि भिजवून साखर काढलेलं सुकं गवत. पोनी बरा झाला. चूक कुणा एकाची नव्हती, आणि मला खुपलं ते हेच. जनावराची काळजी दोन घरांत वाटली तर प्रत्येकाच्या हाती अर्धीच गोष्ट राहते.

दुसरं असं की, बिघडलेलं ओळखायला नेहमीचं ठाऊक असावं लागतं. घोट्याच्या मागे, खुराच्या वर, दोन बोटं ठेवली की नाडी लागते. निरोगी पोनीची इतकी मंद असते की शोधावी लागते. लॅमिनायटिसमध्ये ती बोटाखाली ठणठण उडते. आठवड्यातून तीनदा जाणाऱ्या मुलाला हा फरक कळायला फार वेळ लागतो. आता माझी लेक रोज संध्याकाळी खरारा करताना चारही पायांवर बोटं ठेवते, मला न विचारता. पार्ट लोनमध्ये हे झालं नसतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे तरी झालं नाही.

पूर्ण लोनचा जाच खराच आहे. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. चिखलातून लीद उचलायची, डोणीवरचा बर्फ फोडायचा. गणपतीला किंवा कुणाच्या लग्नाला तीन आठवडे पुण्याला जायचं तर यार्डवाल्यांना सगळ्या देखभालीचे पैसे मोजावे लागतात, आणि ते थोडे नसतात. पार्ट लोनमध्ये नुसता निरोप दिला की झालं. ज्यांचं वर्षातून दोनदा भारतात जाणं ठरलेलं आहे, त्यांना पार्ट लोन बरं पडेल. शिवाय कायदा आहे. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार जनावर तात्पुरतं सांभाळणाराही जबाबदार असतो, आणि मूल सोळाच्या आतलं असेल तर जबाबदारी आईवडिलांवर येते. पोनी मुलाचा म्हटला तरी नाव तुमचं.

तरीही घरात रोज सकाळ-संध्याकाळ यार्डवर जाऊ शकणारं एक मोठं माणूस असेल, तर मी पूर्ण लोनकडेच झुकेन. सुरुवातीचे सहा महिने पार्ट लोन करून हात बसवावा, मग उडी घ्यावी.

करार मात्र लेखीच हवा. ब्रिटिश हॉर्स सोसायटीचा नमुना मिळतो, तो धरून चला. पोनीचा पासपोर्ट, म्हणजे त्याच्या ओळखीची कागदपत्रं, त्याच्यासोबत तुमच्याकडे आला पाहिजे, आणि मालकाला पोनी परत हवा झाला तर किती आठवडे आधी सांगायचं हे त्यात असू द्या. पार्ट लोनच करणार असाल तर कुंपण कोण सरकवणार तिथे एकाच माणसाचं नाव लिहून घ्या. बाकीच्यांनी खुंटीला हात लावायचा नाही, गवत कितीही खुरटलेलं दिसलं तरी.