‘प्युअर यलो लॅब’ सांगून क्रॉस मासे विकले: मलावी सिक्लिड घेणाऱ्यांनी जरूर वाचा

मलावी सिक्लिडची, म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या रंगीत माशांची, टाकी लावायची म्हटलं की पहिलं नाव निघतं यलो लॅबचं. पिवळाधमक, चटकन रुळणारा, बाकीच्या म्बुनांच्या (त्या सरोवरातल्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडच्या) मानाने शांत. मागणी बारमाही, त्यामुळे फसवायलाही हाच मासा सोयीचा पडतो. माझ्या बाबतीत काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण तोच विक्रेता तोच माल अजूनही विकतोय.

मी त्याच्याकडून इंचभराच्या पिल्लांचा गट कुरियरने मागवला. मागणी स्पष्ट होती: लॅबिडोक्रोमिस सेरुलियस (यलो लॅबचं शास्त्रीय नाव) हवेत, क्रॉस म्हणजे दोन जातींच्या संकरातले नकोत, पुढे ब्रीड करायचे आहेत. “दादा, एफ-वन आहेत, आईबाप वाइल्ड,” असं त्याने लिहून कळवलं (एफ-वन म्हणजे सरोवरातून पकडलेल्या माशांची पहिली पिढी) आणि आईबापांचे म्हणून फोटो पाठवले. त्या नावाखाली दुकानातल्या भावापेक्षा कितीतरी जास्त पैसे आगाऊ घेतले. पिल्लं थर्माकोलच्या खोक्यातून ठणठणीत पोचली, आणि होतीही पिवळीच.

खरी मेख इथेच आहे. इंचभराच्या वयात अस्सल लॅब आणि लॅब-रेड झेब्रा क्रॉस यांत फरक सांगणं जवळपास अशक्य असतं. रेड झेब्रा म्हणजे मेट्रिआक्लिमा एस्थेरी, मूळचा सरोवराच्या मोझांबिककडच्या किनाऱ्याचा. आपल्या ओळखीचा पिवळा लॅब आला पश्चिम किनाऱ्यावरच्या लायन्स कोव्हच्या परिसरातून. (1956 मध्ये फ्रायर या शास्त्रज्ञाने ही जात नोंदवली ती त्याच किनाऱ्यावरच्या एन्काटा बेच्या माशांवरून, आणि ते पांढुरके होते!) सरोवरात वेगळे राहणारे हे मासे एका टाकीत कोंडले, मादीला स्वतःच्या जातीचा नर मिळाला नाही, की क्रॉस होतो. पिल्लं पिवळी किंवा नारिंगी निघतात, त्यांनाही पुढे पिल्लं होतात, आणि सगळी ‘यलो लॅब’ म्हणून बाजारात खपतात.

माझी पिल्लं दोन-अडीच इंचांची झाल्यावर रंग उघडे पडले. चांगल्या लॅबच्या पाठीवरच्या पराच्या (फिनच्या) काठालगत काळीभोर पट्टी असते, पुढून मागपर्यंत सलग, ब्रशने ओढल्यासारखी. माझ्या माशांत ती कुठे धुरकट, कुठे तुटलेली, काहींत नव्हतीच. खाणं टाकल्यावर मासे एकमेकांवर धावून गेले की अंगावर उभे फिकट पट्टे उमटायचे आणि क्षणात विरायचे. लॅबचं तोंड निमुळतं, खडकाच्या फटीतले बारीक जीव टिपण्यासाठी घडलेलं. यांचं डोकं बोजड, तोंड रुंद. नरांच्या खालच्या परांवर काळा रंग चढायला हवा होता, तिथे नारिंगी झाक आली.

एका खुणेवर मात्र निकाल देऊ नका. टाकीतल्या दादा नराचं तोंड मळकट होतं ते अस्सल लॅबमध्येही दिसतं, आणि वर्षानुवर्षं आपसातच ब्रीड केलेल्या लॅबची पट्टीही फिकी पडते. पट्टी, उभे पट्टे आणि तोंडाची ठेवण, तिन्ही बिघडलेले दिसले तर मात्र संशयाला जागा उरत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं, “लाइटमुळे तसं दिसतं.” मग, “व्हेरिएशन असतंच.” शेवटी, “आमची गॅरंटी जिवंत पोचण्याची, जातीची नाही,” आणि नंबर ब्लॉक. त्याने पाठवलेले आईबापांचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकले, तर ते एका परदेशी हौशी माणसाचे निघाले, बरेच जुने. म्हणजे ही नजरचूक नव्हती, ठरवून केलेली लबाडी होती. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, तक्रार केली आहे. तिथे उपयोगी पडतंय ते त्याचं लेखी आश्वासन आणि पैसे दिल्याची नोंद. बिलावर नुसतं ‘फिश’ लिहिलंय. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर शास्त्रीय नाव लिहून मागा. खरा ब्रीडर आढेवेढे घेणार नाही.

‘एफ-वन’ ऐकलं की मी आता पहिल्यांदा आईबापांचा व्हिडिओ मागतो, त्याच दिवशीचा, साध्या पांढऱ्या उजेडात, टाकीसमोर माझं नाव लिहिलेला कागद धरून. त्याच टाकीत झेब्रा किंवा दुसरे म्बुना दिसले तर व्यवहार तिथेच संपतो. जमलं तर पिल्लांऐवजी रंग भरलेले अडीच-तीन इंची मासे घ्या. महाग पडतील, पण काय घेतोय ते दिसतं.

माझ्या माद्या आता अंडी तोंडात धरू लागल्यात. जवळचा दुकानदार पिल्लं मागतोय, पैसेही देतो म्हणतोय. मी एकही देणार नाही, कारण त्याच्या काचेवर पुन्हा ‘यलो लॅब’च लिहिलं जाणार आणि ती अजून कोणाच्या तरी चांगल्या लाइनमध्ये (शुद्ध वंशात) मिसळणार. माशांचा यात काही दोष नाही, माझ्याकडे ते आयुष्यभर नीट राहतील. तुमच्याकडे असे ‘एफ-वन’ कुरियरने आले असतील, तर पाठीवरचा पर पूर्ण पसरलेला असताना बाजूने फोटो काढून वरच्या खुणांशी ताडून बघा. तोपर्यंत पिल्लं कोणालाही देऊ नका.