व्हॅलेन्सियातील निवांत सुट्टी : पुण्यातील एका सहल-नियोजन सेवेचे परीक्षण

दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलींना पुण्यात तोटा नाही. एकाच शहरात मुक्काम ठेवून सावकाश हिंडू इच्छिणाऱ्यांसाठी काम करणारे मात्र थोडेच आहेत. कोथरूडमधील अशाच एका छोट्या कार्यालयाकडून मी माझ्या आईसोबतची व्हॅलेन्सियाची सहल आखून घेतली. आई सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी बेजार, पण जुन्या वास्तू पाहण्याची हौस तसूभरही कमी न झालेली. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे शहर आम्हाला कार्यालयानेच सुचवले, कारण ते जवळजवळ सपाट आहे आणि त्याचा जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे. हे कार्यालय गट नेत नाही आणि सोबत माणूसही देत नाही. वेळापत्रक आखणे, आरक्षणे करणे आणि व्हिसाची कागदपत्रे लावून देणे एवढेच त्यांचे काम. त्यामुळे परीक्षण करायचे ते प्रामुख्याने त्या वेळापत्रकाचे.

ते हाती आले तेव्हा निम्मे कोरे होते. "दुपारी दोन ते पाच काही ठेवलेलं नाही, काकू. जेवायचं आणि पडायचं," असे तेथील मुलीने आईला सांगितले. "मग पैसे कसले घेता?" हा आईचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर तेथे पोहोचल्यावर मिळाले. व्हॅलेन्सियात लोक दोनच्या सुमारास जेवायला बसतात आणि अनेक लहान दुकाने दुपारी बंद होतात. पुणेकराला याचे वेगळे स्पष्टीकरण लागू नये. उलट एप्रिलच्या अखेरीस सूर्य मावळतो तो रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळ भरपूर लांब मिळते. सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी फार तर एक, आणि कोणते ठिकाण कोणत्या वारी व कोणत्या वेळी पाहायचे याचा नेमका विचार, हेच या सेवेचे खरे कसब आहे.

याचा उत्तम नमुना म्हणजे गुरुवार. व्हॅलेन्सियाच्या भोवतालच्या शेतीला तुरिया नदीचे पाणी ज्या आठ कालव्यांतून मिळते, त्यांच्या वापराबद्दलचे तंटे सोडवणारे जल-न्यायालय शतकानुशतके चालत आले असून, ते दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या एका दाराबाहेर उघड्यावर बसते. शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरीच तेथे न्यायाधीश असतात. ते काळे अंगरखे घालून लाकडी खुर्च्यांवर बसतात, एकेका कालव्याच्या नावाचा पुकारा होतो, आणि तक्रार नसली तर सारे काही मिनिटांत आटोपते. सुनावणी संपूर्णपणे तोंडी चालते. खानदेशात पांझरा नदीवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली किंवा ऐकली आहे, त्यांना पाणीवाटपाची ही गावकीची शिस्त परकी वाटणार नाही. 2009 मध्ये युनेस्कोने या न्यायालयाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आमचा मुक्काम गुरुवार मध्ये येईल असाच बेतला होता, आणि गर्दी जमण्याआधी आईला सावलीत कोठे बसता येईल हेही कागदावर लिहून दिले होते. शेजारच्या मिकालेत मनोऱ्याच्या 207 चक्राकार पायऱ्या मात्र मी एकटीने चढले.

रेशमाचा जुना व्यापारवाडा आणि त्यासमोरची मध्यवर्ती मंडई यांची एकच सकाळ ठेवली होती. व्यापारवाड्याचे बांधकाम 1482 मध्ये सुरू झाले. त्याच्या मोठ्या दालनातले दगडी खांब पिळ घातल्यासारखे वर चढत जातात आणि भिंतींवरून फिरणारा लॅटिन लेख व्यापाऱ्याला फसवणूक व व्याजखोरी टाळण्यास बजावतो. 1928 मध्ये सुरू झालेली मंडई रविवारी बंद असते आणि एरवीही दुपारपर्यंतच चालते. हे आधी ठाऊक नसले तर केवळ कुलूप पाहून परतावे लागते. तुरियाच्या जुन्या पात्राच्या टोकाला असलेल्या कला व विज्ञान नगरीच्या पांढऱ्या इमारती आम्ही बाहेरूनच पाहिल्या. तेवढे पुरते, असे माझे मत आहे.

सर्वाधिक वेळ दिला होता तो तुरियाच्या पात्राला, आणि तो योग्यच होता. ऑक्टोबर 1957 च्या महापुराने शहर बुडाल्यानंतर नदीच वळवून दक्षिणेकडून नव्या पात्रात सोडण्यात आली. कोरड्या पडलेल्या जुन्या पात्रातून महामार्ग काढण्याचा घाट घातला गेला होता. नागरिकांनी त्याला विरोध केला आणि तेथे बाग उभी राहिली. आज जुन्या पुलांखालून सुमारे 9 किलोमीटर पसरलेली ही बाग चालणारे, सायकलवाले आणि नातवंडांना खेळायला आणणारे आजोबा यांनी गजबजलेली असते. 1961 चा पानशेतचा पूर घरच्यांकडून ऐकत वाढलेल्या आणि नदीपात्रातल्या रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या माणसाने येथे तासभर नुसते बसावे. पूर अर्थात इतिहासजमा झालेला नाही: ऑक्टोबर 2024 मध्ये नव्या पात्राच्या दक्षिणेकडील गावांची भीषण हानी झाली, जुने शहर मात्र बहुतांशी वाचले. कार्यालयाने शरद ऋतूऐवजी वसंत सुचवला त्यामागे हेही कारण होते. मार्चमधला फायास उत्सव त्यांनी स्वतःहून टाळायला लावला. रोज दुपारी दोन वाजता फटाक्यांचा गडगडाट ऐकण्याची हौस असेल त्यांनी तो जरूर पाहावा, पण निवांतपणाची अपेक्षा ठेवू नये.

आता उणिवा. आम्ही शाकाहारी आहोत हे अर्जावर ठळक लिहूनही जेवणाची बाजू लंगडी राहिली. पाएया हा तेथील भाताचा प्रकार मुळात कोंबडी, ससा आणि शेंगा घालून केला जातो. भाज्यांचा पाएया मिळतो, परंतु तो कोणत्या रश्श्यात शिजवला आहे हे विचारल्याशिवाय खात्री देता येत नाही. आमच्यासाठी आरक्षित केलेल्या उपाहारगृहात ही चौकशी झालेलीच नव्हती. शिवाय आरक्षण रात्रीचे होते, आणि स्थानिक लोक हा पदार्थ दुपारी खातात. ज्या कार्यालयाला मंडईची वेळ अचूक ठाऊक आहे, त्याला भाताची वेळ ठाऊक नसावी, हे खटकते. आईने त्या रात्री पाव, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलावर भागवले. दुसऱ्या दिवशी ओर्चाताने भरपाई केली: लव्हाळ्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचे गड्डे भिजवून, वाटून आणि गाळून केलेले हे थंडगार, गोड पेय दुधाशिवाय तयार होते. सोबत लांबट गोड पाव बुडवून खायला देतात. आईने दुसरा पेला मागवला.

व्हिसाचे काम त्यांनी चोख केले. स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. या दोन्ही गोष्टी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगण्यात आल्या. नियोजनाचे शुल्क वेगळे दाखवले जाते आणि विमान, हॉटेल यांच्या पावत्या थेट आपल्या नावावर येतात, हा पारदर्शीपणा मला आवडला. शाकाहारी मंडळींनी मात्र प्रत्येक उपाहारगृहाबद्दल लेखी खात्री मागावी, आणि ती मिळेपर्यंत उरलेली रक्कम भरू नये.