ऑटोमीटरची दोन मीटरं, माझी स्कॉर्पिओ आणि पसरणीचा घाट

वाईहून पाचगणीला भरलेली गाडी चढवताना डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा फारसं काही सांगत नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच संथ ठेवलेला असतो. इंजिन एकदा तापलं की पाणी दहा-पंधरा अंशांनी वरखाली झालं तरी काटा मध्यावरच उभा, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून एमहॉक डिझेल इंजिनाच्या स्कॉर्पिओत (२.२ लिटर, १२० पीएस) मी ऑटोमीटर या अमेरिकन कंपनीची ५२ मिमीची दोन मीटरं बसवून घेतली. एक टर्बोच्या दाबाचं (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, त्या दाबालाच बूस्ट म्हणतात), एक कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचं. भाचा अमेरिकेहून येताना घेऊन आला, दोन्ही मिळून २०० डॉलरच्या आसपास पडली.

मीटरं उत्तमच आहेत, पण खरी परीक्षा फिटिंगची. पहिल्या गॅरेजमधला वायरमन बूस्टची नळी ब्रेकच्या व्हॅक्यूम पाइपला टी मारून जोडायला निघाला होता. पेट्रोल गाडीत तो पाइप इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवरून) येतो, डिझेलमध्ये वेगळ्या व्हॅक्यूम पंपावरून. तिथे टर्बोचा दाब नसतोच, वर ब्रेकच्या लाइनला विनाकारण एक जोड वाढतो. गाडी तिथून काढली आणि साताऱ्यातच दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने न सांगता इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि मॅनिफोल्डच्या मधल्या पाइपवर जागा शोधली, तेव्हाच जीव भांड्यात पडला.

बूस्टचं मीटर मेकॅनिकल घेतलं, ० ते ३५ पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक). सेन्सर नाही, नायलॉनची बारीक नळी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी ग्रोमेटमधून थेट मीटरपर्यंत येते. केबिनमध्ये येते ती फक्त हवा, त्यामुळे भीती नाही. ऑइल प्रेशरचं मेकॅनिकल मीटर मात्र मी कधीच घेणार नाही, त्यात गरम ऑइल पायाशी येऊन पोचतं.

पाण्याच्या मीटरचा सेन्सर रेडिएटरच्या वरच्या होज पाइपमध्ये अडॅप्टर टाकून बसवला. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. सेन्सर एका वायरचा असेल तर त्याला अर्थिंग बॉडीतून मिळावं लागतं, आणि अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना तर रबर. अडॅप्टरपासून इंजिनला वेगळी अर्थिंगची वायर ओढावीच लागते. आट्यांवर टेफ्लॉन टेपही गुंडाळू देऊ नका, तीसुद्धा अर्थिंग तोडू शकते. दिव्याची वायर पार्किंग लाइटवर, मीटरची इग्निशनच्या फ्यूजवर, मध्ये ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. समोरच्या काचेच्या कडेच्या खांबावरचा पॉड (मीटर बसवायचा कप) फोटोत छान दिसतो, पण आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, आणि उजवीकडे वळणाऱ्या हेअरपिनवर नेमकं त्याच खांबाआडून समोरची एसटी येते. मी दोन्ही मीटरं स्टिअरिंगच्या डावीकडे, डॅशवर खाली लावली. ज्या गाड्यांत कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर उघडणाऱ्या) आहेत त्यांत तर खांबाला हातच लावू नये.

आता घाटातलं. सपाटीला पाण्याचा काटा १९० फॅरनहाइटजवळ (८८ सेल्सिअस) असतो. मे महिन्यात, सात माणसं, एसी चालू, दुसरा गिअर, की तो सावकाश २१०च्या पुढे सरकतो. कंपनीचा काटा तेव्हाही मध्यावर! प्रेशर कॅप आणि कूलंटमुळे पाणी शंभर सेल्सिअसला उकळत नाही, त्यामुळे २१२ दिसलं म्हणून घाबरायचं नाही. मी २२०ला काचेवर लाल खूण केली आहे. काटा तिकडे निघाला की आधी एसी बंद करतो, आणि पुढच्या दोन-तीन वळणांत तो परत येताना दिसतो.

बूस्टचा काटा जोर लावल्यावर १७-१८ पीएसआय दाखवतो. याचा उपयोग वेगळा: इंटरकूलरचा पाइप कुठे फाटला, क्लॅम्प सैल झाला, तर धूर लक्षात येण्याआधी नेहमीचा आकडा गाठला जात नाही हे कळतं. शिवाय काटा खाली पडायच्या आत गिअर उतरवायची सवय लागते, चढावर इंजिन कुंथत नाही.

एकच परवडत असेल तर पाण्याचं घ्या. बूस्टचं बघायला जास्त मजा येते, पण हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) वाचवणारं मीटर पाण्याचं आहे. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापू देऊ नका, फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेतूनच जोड काढणारा भाग) वापरायला सांगा. ऑइलच्या तापमानाचं मीटर मला पुढे लावायचं आहे. त्यासाठी ऑइल फिल्टरखाली सँडविच प्लेट (सेन्सर बसवायला जागा देणारी चकती) लागते, आणि तिचे आटे आपल्या फिल्टरशी जुळतात याची खात्री झाल्याशिवाय मी ते काम काढणार नाही.