तयार स्लाइड्सचा संच (अभिस्तर ऊती): तीनाचे चार तारे केले, पण लेबलवरचा राग कायम

काही महिने वापरून लिहितोय. संचात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, अभिस्तर ऊतींच्या (म्हणजे अवयव बाहेरून-आतून झाकणाऱ्या पेशीथरांच्या) तयार स्लाइड्स आहेत; पूर्ण यादी देत नाही.

आधी तक्रार. ‘संक्रमणी अभिस्तर (ताणला की पातळ होणारा थर), मूत्राशय’ असं लेबल लावलेली स्लाइड मूत्राशयाची नाहीच. तिथे सगळ्यात वर घुमटासारख्या मोठ्या पेशी हव्यात, काहींत दोन-दोन केंद्रकं. इथे वर चपट्या पेशी, तळाशी आधारपटलाला (अभिस्तराखालच्या पातळ पडद्याला) चिकटलेली दाट जांभळी ओळ. चपट्या पेशींत केंद्रकं शाबूत, त्वचेच्या सगळ्यात वरच्या पेशींत ती उरत नाहीत, म्हणजे त्वचाही नव्हे. सरळसरळ अन्ननलिका, आणि ती संचात आधीच आहे! विक्रेत्याचं उत्तर: “मूत्राशय ताणलेलं असेल.” अहो, ताणल्यावर थर दोन-तीनच दिसतात. इथे मोजता मोजता डोळे दुखतात.

आता गंमत. त्वचेच्या स्लाइडचा फोटो विक्रेत्याला सहज पाठवला होता. त्यात मधल्या थरातल्या पेशींमध्ये फटी आणि फटींवर बारीक काटे. लगेच त्याचा फोन: “ही खराब आहे, बदलून देतो.” मी साफ नाही म्हटलं. ऊती टिकवताना पेशी आकसतात, पण जिथे डेस्मोसोम (पेशींना एकमेकींशी घट्ट जोडणारे सांधे) आहेत तिथे शेजारणीला सोडत नाहीत. ते काटे म्हणजे ही न सुटलेली पकड. दोन्ही पेशींच्या आत प्रथिनांची चकती, तिला केराटिनचे तंतू बांधलेले, आणि मधल्या २५-३० नॅनोमीटर जागेत दोन्हीकडची कॅडहेरिन नावाची चिकटवणारी प्रथिनं एकमेकांत अडकलेली. पेम्फिगस या त्वचारोगात शरीराची प्रतिपिंडं यातल्याच डेस्मोग्लीन या कॅडहेरिनवर उठतात, पेशी सुट्या होतात आणि फोड येतात. हा काटेरी थर पाहिल्यावर एक तारा वाढवला.

१००च्या भिंगाला लागणारं तेल संचात नाही, वेगळं घ्या म्हणतात. मी घेतलं नाही. ४०च्या भिंगावर कंडेन्सरची (स्लाइडवर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाची) झडप थोडी मिटली की काटे उठून दिसतात. जाहिरातीतलं ‘पेशींचे सर्व सांधे पाहा’ मात्र विसरा. टाइट जंक्शन (पेशींमधली फट बंद करणारा सांधा) आणि गॅप जंक्शन (शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म नळ्या) यांची रचना बघायची तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा. श्वासनलिकेची स्लाइड बरी, रंग जरा फिका.

चुकीची स्लाइड अजून बदलून मिळालेली नाही. त्यांना अख्खा संच परत हवाय, आणि त्वचेची स्लाइड मी देणार नाही.