अंतराळवीरांचं उड्डाण बडोद्याहून बघायचं की श्रीहरिकोट्याला जाऊन?

माणसं घेऊन जाणाऱ्या रॉकेटांचा नाद लागला की हा प्रश्न येतोच. माझं मत आधीच सांगते: सुरुवात घरून करा, श्रीहरिकोट्याची वारी गगनयानासाठी, म्हणजे माणसं नेणाऱ्या भारताच्या स्वतःच्या यानासाठी, राखून ठेवा.

मुख्य अडचण तारखांची. अंतराळ स्थानकाची कक्षा तळावरून जात असते, नेमकं त्याच वेळी यानाला निघावं लागतं. ती वेळ हुकली की बहुधा तो दिवस गेलाच. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्लांना स्थानकावर नेणारं अ‍ॅक्सिअम-४ हे उड्डाण अमेरिकेतून मे २०२५ च्या अखेरीस निघायचं होतं. हवामान, मग ऑक्सिजनची गळती, असं करत करत ते २५ जूनला दुपारी १२:०१ ला उडालं. घरी बसून वाट बघणाऱ्याला याचं काही वाटत नाही. पण श्रीहरिकोट्याचं उड्डाण असंच लांबलं, तर नवजीवन एक्सप्रेसने चेन्नई गाठून, पुढे श्रीहरिकोट्याजवळच्या सुल्लुरपेटा स्टेशनला उतरलेल्या माणसाची रजा मात्र संपते.

घरच्या पडद्यावर एकच करा, शेवटच्या दहा आकड्यांपुरतं बघू नका. पाऊण तास आधी लावा. अ‍ॅक्सिअम-४ साठी वापरलेल्या ड्रॅगन यानात अंतराळवीर आत बसलेले असतानाच रॉकेटमध्ये इंधन भरतात, आणि त्याआधी यानाची सुटकेची यंत्रणा सज्ज करतात. काही बिघडलंच तर यान रॉकेटपासून उडी मारून दूर जावं म्हणून. हे कळलं की इंधन भरतानाची ती शांतता अंगावर येते. आणि इंजिन थांबल्यावर यानात तरंगू लागलेला 'जॉय' नावाचा तो खेळण्यातला मऊ हंस, वजनहीनता सुरू झाल्याची खूण! आमच्या घरातली पोरं टाळ्या पिटत होती.

घरून बघण्याला गच्चीची जोड द्या. अ‍ॅक्सिअम-४ दुसऱ्या दिवशी, सुमारे २८ तासांनी स्थानकाला जोडलं गेलं. ते स्थानक दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवरूनही दिसतं, इतके दिवे असूनही. न लुकलुकणारा ठळक ठिपका पश्चिमेकडून वर चढतो आणि पूर्वेकडे सरकत कधी कधी मध्येच विझतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. त्या ठिपक्यात माणसं आहेत, हे शेजारच्या काकूंना सांगताना मला दर वेळी भरून येतं. पावसाळ्यात मात्र ढगांपुढे इलाज नाही.

श्रीहरिकोट्याला जे मिळतं ते पडदा देऊ शकत नाही, ते म्हणजे आवाज. तो किलोमीटरला सुमारे ३ सेकंद या हिशेबाने मागून येतो, म्हणजे आधी नुसता उजेड, मग तो गडगडाट. प्रेक्षक गॅलरीसाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. थांबायची तयारीही हवी: २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानाच्या सुटका-यंत्रणेची चाचणी अवघे ५ सेकंद उरले असताना थांबली आणि सकाळी १० ला पार पडली.

निवृत्त असाल, तारीख पुढे गेली तरी चार दिवस जास्त राहता येत असेल, तर एखाद्या उपग्रहाच्या उड्डाणालाही खुशाल जाऊन या. शाळकरी मुलं बरोबर असतील तर तूर्त गच्चीच बरी.