68 मिमी म्हणजे बीएसए नव्हे, माझे 47,250 गेले

सेकंडहँड कार्बन फ्रेम ऑनलाइन बघत असाल तर हे वाचा. लिहायला लाज वाटतेय, कारण बारा वर्षं सायकल चालवतोय, केबल-चेन घरीच बदलतो, तरी गंडलो.

फ्रेमचे 42,500, कुरिअरचे 1,850. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्याचं बेअरिंग, फ्रेममध्ये दाबून बसवतात ते प्रेसफिट, त्याची करकर नको म्हणून मला आट्यांचीच फ्रेम हवी होती, क्रँक (पेडलचे दांडे) शिमानोचा, 24 मिमी आसाचा. विकणारा म्हणाला "सर बीएसए आहे, 68", म्हणजे आट्यांचा प्रकार, 68 मिमी रुंद, आणि मापाचं व्हर्निअर लावलेला फोटो पाठवला. झालं, मी खूश. अरे पण बीबी30 आणि पीएफ30 हे बिनआट्यांचे, दाबून बसवायचे प्रकार पण 68 रुंदीचे असतात! भोक मोजायचं असतं. बीएसए 1.37 इंच, म्हणजे पस्तीसच्या आत, बीबी30 चं 42 मिमी. आणि हे मला माहीत होतं हो, हेच तर डोक्यात जातं.

त्याच फोटोत रिंगच्या आत दुसरी रिंग दिसत होती. विचारलं, तर म्हणे फॅक्टरी फिनिश. तिथंच थांबायचं! पण रात्रीचे साडेअकरा, "अजून एक गिऱ्हाईक आहे सर", मारला यूपीआय. आटे इतके स्वच्छ होते की तुम्हीही फसला असता. फ्रेमला नवा रंग मारलेला असेल तर मॉडेल आणि वर्ष विचारा, कंपनीच्या माहितीशी ताडून बघा, मी नाही बघितलं.

मेकॅनिकचे 600, नवीन बॉटम ब्रॅकेट 2,300. चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, त्याने बरोबर उलटंच पिळलं, तर बेअरिंगच्या कपासकट आतली आख्खी स्लीव्ह, म्हणजे नळीच, फिरायला लागली. मूळ फ्रेम बीबी30 ची, भोक झिजून सैल, त्यात आट्यांची अॅल्युमिनियम स्लीव्ह डिंक लावून बसवलेली. असे अडॅप्टर मिळतात, बसवणं गुन्हा नाही, पण सांगून विका ना. आणि त्या झिजलेल्या भोकात तर तेही टिकणार नव्हतं.

चौकीत गेलो. साहेब म्हणाले "सायकल चोरीला गेली का?" नाही. "मग वस्तू मिळाली ना?" मी स्लीव्ह काढून टेबलावर ठेवली, ते म्हणे हा नटबोल्टचा वाद आहे, कोर्टात जा. हेल्पलाइनवाल्यांनी तक्रार नंबर दिला, बँक म्हणते तुम्हीच पिन टाकला, ग्राहक तक्रारवाले म्हणतात तो दुकानदार आहे का. म्हणजे चार ठिकाणी झेरॉक्स देऊन देऊन मीच आरोपी वाटायला लागलो. चॅट पहिल्याच दिवशी सेव्ह करा, त्याने माझं डिलीट मारलं.

काल परत बघितलं, त्याची नवी जाहिरात लागलीय, दुसरी फ्रेम, 44,000, आणि फोटोत व्हर्निअर परत 68 वरच.