हरिपूर रोडला नदीकाठच्या फ्लॅटमध्ये अकरा महिने राहिल्यावर

मागच्या दिवाळीच्या आधी आम्ही सांगलीतलं विश्रामबागचं घर सोडून हरिपूर रोडला नदीच्या बाजूला भाड्यानं राहायला आलो. दुसरा मजला, मागची बाल्कनी पश्चिमेला, खाली उसाचं रान, मग झाडी आणि झाडीच्या पलीकडं कृष्णा. अकरा महिन्यांचं ऍग्रीमेंट संपत आलंय, हिवाळा उन्हाळा पावसाळा तिन्ही बघून झालेत, आणि ऑफिसमध्ये दर आठवड्याला कोण ना कोण विचारतंय की तिकडं राहणं कसंय, फ्लॅट घ्यावा का, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच खूप आहे. थंडीत सकाळी साडेसहाला नदीवर धुकं असतं आणि उन्हं वर आली की ते पाण्यावरनं हळूहळू सरकत जातं, मी चहाचा कप घेऊन रोज बघायचे आणि डबे करायला उशीर व्हायचा. हरिपूर रोडची ती जुनी चिंचेची झाडं, त्या सावलीतनं सासूबाई चालत जायच्या, गुडघे दुखतात म्हणून विश्रामबागला त्या जिन्याखाली उतरत नव्हत्या, इथं आल्यापासून रोज जाऊन येऊन दीड किलोमीटर चालतात. श्रावणातल्या सोमवारी संगमेश्वराला हरिपूरला गेलो, तिथं वारणा येऊन कृष्णेला मिळते, पावसाळ्यात दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा दिसतो आणि काही अंतर दोन्ही शेजारी शेजारी वाहतात. माझी मुलगी सातवीत आहे, संगम हा शब्द तिनं भूगोलात वाचलेला, तिथं उभं राहिल्यावर म्हणाली आई हे खरंच असं असतं होय. त्या एका वाक्यासाठी मला इथं राहायला आल्याचं समाधान आहे.

मगरीबद्दल सगळे विचारतात. हो, आहेत. कृष्णेत भिलवडी औदुंबरपासून खाली सांगलीपर्यंत मगरी आहेत हे इथल्या कुणालाही नवीन नाही. थंडीत पलीकडच्या काठावर दहा अकराच्या उन्हात एक पडलेली असायची, पहिल्यांदा मला ओंडकाच वाटला, मग ओंडक्यानं तोंड उघडलं. बाल्कनीतनं बघायला काही भीती नाही, पण पोरांना पाण्याच्या कडेला एकटं सोडायचं नाही आणि कपडे धुवायची, म्हशी पाण्यात घालायची नेहमीची जागा सोडून आडबाजूला उतरायचं नाही, हे घरात पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं. फेब्रुवारी ते मे त्यांचा अंडी घालायचा, राखायचा काळ, तेव्हा तर काठाला जायचंच नाही.

आता त्रास. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वास येतो, हे कुठला ब्रोकर सांगत नाही. शहराचं सांडपाणी शेरीनाल्यातनं नदीत येतं, हा प्रश्न मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. एप्रिल मे मध्ये संध्याकाळी वारा नदीकडनं आला की बाल्कनीचं दार लावून घ्यायला लागायचं. मग वरनं पाणी सोडलं की दोन चार दिवस बरं, परत तेच. डास तर विचारू नका, सगळ्या खिडक्यांना जाळी बसवली तेवढ्यालाच बरेच पैसे गेले. ऊस तुटला की साप पण बाहेर निघतात, पार्किंगमध्ये दोनदा धामण निघाली, सर्पमित्र येऊन घेऊन गेले, पण सासूबाईंनी दोन दिवस खाली पाय ठेवला नाही.

पण खरं लिहायचंय ते पावसाळ्याबद्दल, कारण नदीकाठचं घर जूनपर्यंत एक असतं आणि जुलैपासून दुसरं.

सांगलीत पुराचं सगळं फुटांत चालतं. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, त्याच्या खांबावर फुटांचे आकडे आहेत, ४० ला इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. २००५ ला ५३ च्या पुढं गेलं होतं, २०१९ ला ५७ च्याही वर, २०२१ ला परत ५५ च्या आसपास. विश्रामबागला असताना हे आकडे मी पेपरात वाचायचे आणि पान उलटायचे. इथं आल्यावर कळलं की प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो आणि नदीकाठचा माणूस तोच आकडा डोक्यात घेऊन झोपतो. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोडकडच्या लोकांचा आकडा खालचा, त्यांना दरवर्षी सगळ्यात आधी सामान बांधावं लागतं. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात आपल्या गेटला ४३ ला पाणी लागतं आणि ४६ ला त्यांच्या उंबऱ्याला. त्यांनी जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं २०१९ ची रेघ मारून ठेवलीय, ती माझ्या डोक्याच्या वर आहे, मी हात वर केला तरी बोटं रेघेला लागली नाहीत. पहिल्या दिवशी सामान चढवताना ती रेघ बघून मी तिथंच थांबले होते.

यंदा ऑगस्टमध्ये पाणी ४० च्या वर गेलं. त्या आठवड्यात बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरं काही नव्हतंच, कोयना धरण किती भरलं, वर धरणाकडं नवजाला पाऊस किती पडला, महाबळेश्वरला किती, दरवाजे किती फुटांवर, वारणेवरच्या चांदोली धरणातनं किती क्युसेक पाणी सोडलं, आणि मग कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन अशी वरनं खाली उतरत येणारी यादी. काकांनी मला ती यादी वाचायला शिकवली. म्हणाले आयर्विन बघत बसू नकोस बाळ, आयर्विनला दिसतंय तोवर आलेलं असतं, भिलवडी बघ, भिलवडीला चढतंय तोवर इथं उतरणार नाही. आणि नुसतं कोयनेवर पण जाऊ नकोस, धरणाच्या खालच्या भागात पाऊस लागला तर धरणातनं थेंब न सोडता पण नदी चढते, आणि खाली हरिपूरला वारणेला फुगवटा असला तर कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, इथंच थटून राहतं.

मी नदीकडं बघत होते आणि पाणी आलं पाठीमागनं. हे कुणी सांगत नाही म्हणून नीट लिहिते. रात्री नऊच्या सुमाराला रस्त्याच्या कडेच्या गटारीत पाणी उलटं वाहायला लागलं. पाऊस नव्हता, आभाळ मोकळं होतं, आणि गटारीच्या झाकणाच्या भोकातनं पाणी बुडबुडे काढत वर येत होतं. नदी चढली की नाले नदीत जायचे थांबतात आणि उलट वस्तीत शिरतात. काकांनी पाण्याच्या अगदी कडेला एक वीट ठेवली आणि तासाभरानं बॅटरी घेऊन गेले तर वीट अर्धी बुडाली होती. परत नवीन वीट कडेला, परत तासाभरानं. तिसऱ्या विटेला मी माझ्या नवऱ्याला म्हटलं आईंना घेऊन आपण आत्ता निघू.

आमचा मजला दुसरा, घरात पाणी येणार नव्हतं, मग निघायचं कशाला असं ह्यांचं म्हणणं होतं. पण काकांनी २०१९ चं सांगितलं होतं. तेव्हा वरच्या मजल्यावरची माणसं पण अडकली होती, कारण लाइट बंद केली, मोटर खाली पाण्यात, म्हणजे चारी बाजूला पाणी आणि नळाला थेंब नाही. लिफ्ट बंद, फोन चार्ज नाहीत, एका आजीची इन्सुलिन फ्रिजमध्ये. बोट आली ती तिसऱ्या दिवशी. वर राहतो म्हणजे सुटलो असं नाही, रस्ता तुटला की मजला कितवा ह्याला अर्थ राहत नाही. आम्ही रात्री अकराला नणंदेकडं मिरजेला गेलो, तीन दिवस राहिलो. पाणी गेटच्या बाहेरच थांबलं आणि उतरलं. काका गेले नाहीत, त्यांनी फ्रिज, गाद्या, देव्हारा सगळं आमच्या हॉलमध्ये आणून ठेवलं होतं, परत आलो तेव्हा त्यांचे देव आमच्या टीव्हीसमोर मांडलेले आणि काकू तिथं बसून जपमाळ ओढत होत्या.

आता घ्यायचं की नाही. माझं स्पष्ट मत, भाड्यानं जरूर राहा, विकत घ्यायचं तर फार बघून घ्या. प्लॉट निळ्या रेषेच्या आत आहे का बाहेर, लाल रेषेच्या आत आहे का, हे पूररेषांच्या नकाशावर स्वतः बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. पण आम्ही १६ वर्षांत तीन मोठे पूर बघितलेत, त्यामुळं रेषेच्या बाहेर आहे एवढ्यावर निवांत होऊ नका. बिल्डरनं भराव टाकून बिल्डिंग उंच केली असेल तर तुमचा पार्किंग कोरडा राहील पण रस्ता बुडेल आणि भरावाचं पाणी शेजारच्या बैठ्या घरात जाईल, हे मला फार लागतं, कारण ती घरं आधीपासूनची आहेत. मीटर बॉक्स कुठं आहे, मोटर कुठं आहे, जनरेटर असला तर तो कुठं आहे, हे तीन प्रश्न नक्की विचारा. आम्हाला घर दाखवणाऱ्यानं पूर इथपर्यंत येत नाही असं सांगितलं होतं आणि त्या वेळी तो जिन्यातल्या त्या रेघेकडं पाठ करून उभा होता. तळमजल्यावरच्या माणसाला विचारा, तो खरं सांगतो.

घरातल्या सामानाचा विमा काढा, पॉलिसीत पूर हा शब्द आहे का बघून. कागदपत्रं आम्ही एका प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलीत, जूनमध्ये गॅसची दुसरी टाकी भरून ठेवतो, सासूबाईंच्या महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवस आधी आणतो. एवढं केलं की पावसाळा सोसतो.

आणि सप्टेंबरात पाणी उतरल्यावर एक दिवस येऊन बघा. झाडांच्या फांद्यांना वर वर कचरा आणि चिंध्या अडकलेल्या, रानात गाळ, गाळाचा तो ओला वास, आणि त्याच गाळात आठ दिवसांत हिरवं फुटलेलं. ऊसवाल्या मामांचं खालचं अर्धं रान पिवळं पडलं यंदा, पंधरा दिवस मुळ्या पाण्यात होत्या. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा ते मला बाल्कनीतला फोटो मागायला आले, पाणी कुठवर होतं ते दाखवायला. मी रोज सकाळी काढलेले सगळे फोटो तारखेसकट प्रिंट करून दिले.

आम्ही अजून अकरा महिने राहतोय. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला नदी पाहिजे. मालकांना दोन गोष्टी सांगितल्यात, मीटर बॉक्स पहिल्या मजल्याच्या जिन्यात घ्या आणि मोटर कट्ट्यावर उचलून बसवा. मीटरचं काम दिवाळीनंतर करतो म्हणालेत. मोटरचं अजून बोलणं चालू आहे.